नाला वळवला, पाणी हिरवंच : गावतळ्याच्या गाळातून सुटणारं स्फुरद मोजतानाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

आधी परिस्थिती सांगतो, म्हणजे तुमच्या तळ्याशी ताडून बघता येईल. कोल्हापूर जिल्ह्यातलं आमचं गावतळं चार हेक्टरचं आहे, सरासरी खोली दीड मीटर, मधोमध फार तर अडीच. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने गावाचा नाला वळवून तळ्याच्या खालच्या अंगाला सोडला. सगळ्यांना वाटलं, वर्षभरात पाणी निवळेल. या जानेवारीत पुन्हा हिरवा तवंग आला, तोही आधीपेक्षा दाट.

गावात सध्या एकच चर्चा : रात्री कोणीतरी गुपचूप गटार तळ्यात सोडतंय. संशय काठावरच्या एका धंद्यावर आहे. पोरांनी दोन रात्री पहारा दिला, पाइप काही सापडला नाही. तळ्यात मासेमारी करणारे तात्या मात्र पहिल्या दिवसापासून एकच म्हणतायत : "सर, ह्यो वास गटारीचा न्हवं, गाळाचा हाय."

तात्यांचं म्हणणं तपासायचं ठरवलं. हिरवा तवंग म्हणजे शेवाळ, आणि ते वाढतं स्फुरदावर (फॉस्फरसवर). ते गाळातून सुटतंय का, हे मोजायचं. कॉलेजची लॅब आहे, बी.एस्सी.च्या दोघी विद्यार्थिनी तयार आहेत, लॅबमधले मामा 'बघू' म्हणालेत. खिशातून दहा हजारांपर्यंत घालायची तयारी ठेवली आहे.

९ फेब्रुवारी

पहिला आठवडा पाण्यात गेला. सकाळी अकराला काठावरून सहा बाटल्या भरल्या आणि फॉस्फेट काढलं स्टॅनस क्लोराइडच्या पद्धतीने, कारण तेवढंच सामान कपाटात होतं. या पद्धतीत फॉस्फेट असलं की पाणी निळं होतं. नमुने निळे झाले ते ठीक, पण नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेतलेली ब्लँकही निळी झाली. तळ्यात आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये सारखंच स्फुरद निघालं तर पुढे बोलायलाच नको.

तासभर रसायनांवर संशय घेतला. मग मामांना विचारलं, बाटल्या कशाने धुतल्या? "पावडरीने, चकाचक." कपडे-भांड्यांच्या पुष्कळ पावडरींत फॉस्फेट असतं आणि ते काचेला चिकटून बसतं. आता या कामाच्या बाटल्या वेगळ्या काढल्या आहेत. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवायच्या, मग डिस्टिल्ड वॉटरने पाच वेळा विसळायच्या. झाकणावर लाल रंगाचा ठिपका, म्हणजे पावडर लावायची नाही.

दुसरी चूक वेळेची. स्टॅनस क्लोराइड घातल्यावर रंग चढतो आणि नंतर उतरू लागतो. दहा मिनिटांनंतर आणि बाराव्या मिनिटाच्या आत कलरीमीटरवर (रंग किती गडद ते मोजणाऱ्या यंत्रावर) वाचायचं. आमचे शेवटचे दोन नमुने चहामुळे पंचवीस मिनिटांवर गेले. आता मोबाइलवर टायमर लावतो आणि दोन-दोन नमुन्यांच्या जोड्याच घेतो.

१२ फेब्रुवारी

एका विद्यार्थिनीने घरच्या मत्स्यटाकीचा टेस्ट किट आणून परस्पर मोजलं : ०.४. आमच्या कलरीमीटरवर त्याच पाण्याला ०.१३. दोन दिवस आम्ही एकमेकांच्या चुका शोधत होतो, आणि चूक कोणाचीच नव्हती. किट 'फॉस्फेट' सांगतो, आम्ही 'फॉस्फरस' लिहीत होतो. फॉस्फेटच्या आकड्याला ३.०६ ने भागलं की फॉस्फरस मिळतो. ०.४ भागिले ३.०६ म्हणजे ०.१३. यापुढच्या सगळ्या नोंदी मिलिग्रॅम फॉस्फरस प्रति लिटर अशा आहेत. कोणाचा अहवाल वाचताना आधी हे बघा, नाहीतर एकाच तळ्याचं पाणी कागदावर तिप्पट घाण होतं.

प्रमाण द्रावण : पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ओव्हनमध्ये वाळवून ०.२१९५ ग्रॅम एका लिटरमध्ये, म्हणजे ५० मिलिग्रॅम फॉस्फरस. त्यातून पुढे पातळ करत जायचं.

१७ फेब्रुवारी

काठावरचं पाणी मोजून गाळाचं काही कळत नाही, तळालगतचं पाणी पाहिजे. तात्यांच्या तराफ्यावरून दोरीला दगड बांधलेली बाटली सोडली. आकडा आला १.२! मी हरखलो. तात्यांनी बाटली उजेडात धरली तर तळाला बोटभर काळा गाळ. दगड गाळात रुतून बाटलीने ढवळलेला गाळच प्यायला होता.

उपाय मेडिकलच्या दुकानात मिळाला. सलाइनची नळी बांबूला बांधली, नळीचं तोंड बांबूच्या टोकापासून १५ सेंटिमीटर वर ठेवलं आणि टोकाला लाकडी चकती ठोकली, म्हणजे बांबू गाळात घुसत नाही. वर ६० मिलिलिटरची सिरिंज. पहिल्या दोन सिरिंज फेकायच्या, तिसरी ठेवायची, तीही हळू ओढून. एकूण खर्च ११० रुपये. या प्रकल्पात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू हीच.

२५ फेब्रुवारी

दुपारी दोन वाजता, मधोमध, तराफ्यावर. पृष्ठभागावर विरघळलेला ऑक्सिजन १३ मिलिग्रॅम, पीएच ९.७, तापमान २९. त्याच बांबूवर, तळापासून १५ सेंटिमीटरवर, ऑक्सिजन ०.९ आणि तापमान २५.५. स्फुरद वर ०.११, खाली ०.२९.

एवढ्या उथळ पाण्यात एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. पुस्तकात थर पडतात ते खोल धरणांत, उथळ तळं वाऱ्याने ढवळत राहतं, असं शिकवत आलो. पण वारा पडलेल्या दुपारी तापलेलं पाणी वर बसतं, हिरवा तवंग उजेड अडवतो, आणि खाली गाळ ऑक्सिजन खात बसतो.

२६ फेब्रुवारी

पहाटे साडेपाचला पुन्हा तिथेच. तात्या आले, विद्यार्थिनींना घरून परवानगी मिळाली नाही, ते बरोबरच. आता वर ऑक्सिजन १.८, खाली ०.४. स्फुरद वर ०.१४, खाली ०.१७. रात्री वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, तळं ढवळतं, आणि दिवसा तळाशी साठलेलं स्फुरद वर चढतं. सकाळी शेवाळाला ताट वाढलेलं असतं.

रात्रीतून पृष्ठभागावर स्फुरद वाढतं हे खरं निघालं, म्हणजे गावाचा संशय अगदीच हवेत नव्हता. गटार मात्र बाहेरून येत नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. दोन दिवसांच्या आकड्यांवर गावात तोंड उघडणं शहाणपणाचं नाही.

४ मार्च

आता गाळासकट पाणी नळीत घेऊन लॅबमध्ये बसवायचं. ६० मिलिमीटर आतल्या व्यासाची अ‍ॅक्रिलिक नळी कोल्हापुरातून आणली, ६० सेंटिमीटरचे आठ तुकडे कापून घेतले. कटिंगसह ३,४०० रुपये. रबरी बुचं १६, ती ८०० रुपये. आधी पारदर्शक पीव्हीसी पाइप घेतला होता. तो वाकडा निघाला, बूच बसेना. ६०० रुपये वाया.

पद्धत : छातीभर पाण्यात उतरायचं, नळी उभी धरून सावकाश गाळात दाबायची, वरचं बूच लावायचं, नळी उपसायची आणि ती पाण्याच्या वर यायच्या आत खालचं बूच. खालचं बूच लावायला दुसरा माणूस लागतो, आणि त्याचा हात कोपरापर्यंत गाळात जातो. तात्यांनी आठपैकी सहा नळ्या पहिल्या झटक्यात काढल्या, मी दोन काढायला पाऊण तास घेतला.

नळीत गाळ दिसतो तो बघण्यासारखा असतो. वर दोन-तीन मिलिमीटर तपकिरी पापुद्रा, खाली २० सेंटिमीटरच्या आसपास लोण्यासारखा काळाकुट्ट गाळ, त्याखाली घट्ट करडी चिकणमाती. तो तपकिरी पापुद्रा म्हणजे गंजलेलं लोह. आमच्या भागातली काळी माती बेसॉल्टची, लोह भरपूर. ऑक्सिजन असेपर्यंत हे लोह स्फुरद धरून ठेवतं. ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं आणि धरलेलं सोडून देतं. तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या आइन्सेलने १९३६ मध्ये आणि मॉर्टिमरने १९४१-४२ मध्ये हे दाखवलं, तेव्हा यात आमचा शोध काही नाही. आमच्या तळ्यात ते किती होतं, तेवढंच बघायचं आहे.

८ मार्च

तीन नळ्या गळाल्या. सकाळी टेबलाखाली काळं पाणी आणि मामांचा चेहरा. शिवाय लॅब पत्र्याची, दुपारी नळ्यांतलं पाणी ३४ अंशांवर गेलं. तापमान चढलं की गाळातले जिवाणू चेकाळतात आणि स्फुरद जास्त सुटतं. हे आकडे तळ्याला लावले असते तर धूळफेक झाली असती. सगळं फेकून दिलं. चार दिवस गेले.

दुरुस्ती : बुचाभोवती टेफ्लॉन टेप, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली, नळ्या पाण्याच्या बादलीत उभ्या. बादल्या तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये, तिथे दिवसभर २६ ते २८. नळ्यांना बाहेरून मल्चिंग पेपर गुंडाळला, नाहीतर उजेडात शेवाळ वाढून सुटलेलं स्फुरद खाऊन टाकतं आणि आपल्याला वाटतं, काही सुटलंच नाही.

११ मार्च

नवीन आठ नळ्या. प्रत्येकीत गाळावर ३० सेंटिमीटर पाणी, तळ्याचंच पण गाळलेलं. चार नळ्यांत मत्स्यटाकीच्या पंपाने हवा, चार बंद. बंद नळ्यांसाठी नायट्रोजनचा सिलिंडर भाड्याने घ्यायचा विचार होता, भाडं आणि अनामत ऐकून सोडला. नंतर कळलं, त्याची गरजच नव्हती. काठोकाठ भरून बूच लावलेल्या नळीतला ऑक्सिजन गाळाने दोन दिवसांत संपवला. फक्त आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही.

हवेच्या नळ्यांत उलटी गंमत. पंपाचा जोर जास्त होता, बुडबुड्यांनी गाळ उधळला, एका तासात पाणी कॉफीसारखं. हवेचा दगड वर, पृष्ठभागाच्या पाच सेंटिमीटर खाली आणला आणि नळीवर चिमटा लावला. त्या चार नळ्यांचं पाणी बदलून पुन्हा सुरुवात.

१६ मार्च

ही चूक सविस्तर लिहितो, कारण ती कळायला सर्वांत अवघड होती.

काल संध्याकाळी बंद नळ्यांतून नमुने काढले. उशीर झाला म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून घरी गेलो. आज सकाळी मोजलं तर चारही बंद नळ्यांत स्फुरद ०.०८ ते ०.१०. म्हणजे सुरुवातीच्या ०.११ पेक्षाही कमी! तात्या चुकले, आइन्सेल चुकला, मीच काय तो राहिलो, असं वाटायला लागलं. बाटली हलवली तर तळाशी नारिंगी कापसासारखा साका. नळीतल्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. बाटलीत हवा लागली, ते रात्रभर गंजलं आणि गंजताना पाण्यातलं स्फुरद घेऊन खाली बसलं. तळ्यात जे घडतं तेच बाटलीत उलट्या दिशेने झालं.

आज पुन्हा नमुने काढले, या वेळी सिरिंजला थेट ०.४५ मायक्रॉनचं फिल्टर लावून नळीजवळच गाळले आणि दहा मिनिटांच्या आत रसायन घातलं. आकडा : ०.२४ ते ०.२८. म्हणजे कालचा सगळा दिवस खोटा होता. फिल्टर एक ४० रुपयांना पडतं. इथे कंजूषी करू नका, आणि नमुना 'उद्या बघू' म्हणून ठेवू नका.

प्रत्येक वेळी ३० मिलिलिटर काढतो, तेवढंच गाळलेलं तळ्याचं पाणी परत घालतो. त्याने किंचित पातळ होतं, तो हिशेब वहीत धरला आहे.

२१ मार्च

दहा दिवस पूर्ण. बंद नळ्यांत ०.११ वरून सरासरी ०.४१. हवेच्या नळ्यांत ०.११ वरून ०.१५. एक बंद नळी ०.५८ वर गेली. ती विसर्जन घाटाजवळची, तिच्याबद्दल खाली.

हिशेब सोपा आहे. पाण्याचा स्तंभ ३० सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरवर ३०० लिटर. ०.३० गुणिले ३०० म्हणजे ९० मिलिग्रॅम, भागिले दहा दिवस, म्हणजे रोज ९ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. हवेच्या नळ्यांत रोज १.२.

चार हेक्टरला ९ मिलिग्रॅम लावले की रोज ३६० ग्रॅम. माझ्या विद्यार्थिनींना हा आकडा काहीच वाटला नाही, मलाही नाही. रात्री जेवताना वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, "डीएपीत किती असतं?" डीएपी खतात ४६ टक्के स्फुरद, पण ते पी-टू-ओ-फाइव्हच्या, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या हिशेबात. ५० किलोच्या गोणीत २३ किलो, त्यातलं निव्वळ फॉस्फरस १० किलोच्या आसपास. म्हणजे अठ्ठावीस दिवसांना एक गोण. कोणीतरी दर महिन्याला डीएपीची एक गोण तळ्यात ओततंय, आणि तो कोणीतरी म्हणजे तळ्याचा तळ.

अर्थात हे कमाल धरलेलं. तळ चोवीस तास आणि काठापासून काठापर्यंत ऑक्सिजनविना नसतो. निम्म्याहून कमी धरलं तरी अडीच-तीन महिन्यांना एक गोण होतेच. नाला वळवण्याआधी पंचवीस-तीस वर्षं जे आत गेलं, त्याचं हे व्याज.

विसर्जन घाटाच्या नळीत पांढरे तुकडे होते आणि उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ऑक्सिजन नसताना जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात, सल्फाइड लोहाला धरून बसतं, मग स्फुरद धरायला लोह उरत नाही. माझा तर्क असा आहे. पण एका नळीवरून मूर्तींवर आरोप ठेवणार नाही, गावात राहायचं आहे आणि पुरावाही अपुरा आहे.

६ एप्रिल

हवेच्या नळ्यांचे आकडे पाहून सरपंच ताई म्हणाल्या, "मग कारंजं बसवू की! हवा मिळंल." सोपा उपाय वाटतो. पण एक गोष्ट खटकत होती. दुपारी काठालगतच्या अर्धा मीटर पाण्यात तळापर्यंत ऑक्सिजन भरपूर असतो, तरी तिथे स्फुरद कमी नाही.

संशय पीएचवर. शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच साडेनऊच्या वर जातो. तेव्हा पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन लोहावरच्या स्फुरदाला ढकलून जागा घेतात, ऑक्सिजन असो वा नसो. दोन हवेच्या नळ्यांत सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून पीएच ९.५ ते ९.८ ठेवला. पंपाची हवा कार्बन डायऑक्साइड परत आणते आणि पीएच खाली ओढते, त्यामुळे सकाळ-दुपार-संध्याकाळ थेंब. एका रविवारी कोणी आलं नाही, पीएच ८.४ वर उतरला, तो दिवस हिशेबातून काढला. आठ दिवसांचा निकाल : रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. साध्या हवेच्या चौपट.

कारंज्याने अर्धंच काम होईल, हे ताईंना सांगितलं. ऑक्सिजन वाढेल पण शेवाळ असेतोवर दुपारचा पीएच चढणारच. त्या नाराज झाल्या. कारंजं दिसतं तरी.

म्हशी तळ्यात डुंबून गाळ ढवळतात, त्याचीही एक चाचणी केली, काचेच्या कांडीने नळीतला वरचा गाळ दोन मिनिटं ढवळून. तासाभरात आकडा दुपटीवर गेला आणि दुसऱ्या दिवशी बराचसा उतरला. म्हशी थांबवायच्या म्हटलं तर गावात भांडण, आणि त्यातून फायदा थोडा. हा विषय इथेच सोडला.

१३ एप्रिल

तुरटी. दोन बंद नळ्यांत पाणी शुद्ध करायची तुरटी विरघळवून घातली. प्रमाण : चौरस मीटरला ५० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम बसेल इतकं. पांढरा थर गाळावर बसला आणि स्फुरद अक्षरशः थांबलं, आठ दिवस ०.०३ च्या खाली. सगळ्यांचे चेहरे फुलले.

मग हिशेब. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम जेमतेम ९ टक्के. चार हेक्टरला २२-२३ टन तुरटी, पंधरा रुपये किलोने साडेतीन लाखांच्या आसपास, वाटायची मजुरी वेगळी. त्याशिवाय नळीतला पीएच तुरटीने ८.२ वरून ६.४ वर आला होता. अजून उतरला तर विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम माशांना विषारी. उलट, नंतर शेवाळाने पीएच ९.५ वर नेला तर थर पुन्हा विरघळू लागतो. आणि हा थर म्हणजे कापूस, म्हशींनी आणि वाऱ्याने एका कोपऱ्यात लोटला की बाकी तळ उघडा. तात्यांच्या माशांवर मी हा प्रयोग करणार नाही. खोल, शांत पाणी असेल त्यांनी जरूर विचार करावा, पण आधी पाण्याची अल्कता (आम्ल पचवायची ताकद) मोजून.

२२ एप्रिल

राहिला गाळ काढणं. किती काढायचा हा खरा प्रश्न. गावात जेसीबी आला की वरचा वीतभर खरवडतात, फोटो काढतात आणि झालं. म्हणून नव्या नळ्या घेतल्या : दोन पूर्ण, दोन वरचा १० सेंटिमीटर गाळ काढून, दोन वरचा २० काढून. खालून लाकडी दट्ट्याने गाळ वर सरकवायचा आणि पत्र्याने कापायचा. दट्ट्या पहिल्यांदा सैल झाला, गाळ बाजूने खाली आला आणि थर मिसळले. दट्ट्याला रबर लावून पुन्हा केलं.

बंद ठेवून आठ दिवस लागतील.

२ मे

निकाल ३० तारखेच्या संध्याकाळी लागला. १० सेंटिमीटर काढलेल्या नळ्यांत रोज ७ मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ काही फरक नाही! २० काढलेल्यांत १.८. कापल्याने गाळ हललेला असतो, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण एवढा फरक त्याने होत नाही. काळा लोण्यासारखा थर संपून करडी माती लागेपर्यंत काढलं तरच उपयोग.

काल १ मेच्या ग्रामसभेत दोन नळ्या टेबलावर ठेवल्या. आकडे सांगितले नाहीत, डीएपीची गोण सांगितली. काठावरच्या त्या धंदेवाल्याने उभं राहून "आता तरी माझं नाव घेऊ नका" म्हटलं, आणि थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

एकाने विचारलं, असं कुठे झालंय का? स्वीडनमधल्या ट्रुमेन तळ्याचं सांगितलं. तेही उथळ, जास्तीत जास्त खोली दोन मीटरच्या आसपास. सांडपाणी वळवून दहा वर्षं झाली तरी सुधारलं नाही. १९७० आणि १९७१ मध्ये दर वर्षी अर्धा मीटर गाळ उपसला, तेव्हा पाणी सुधारलं. आणि काढणार नसाल तर डेन्मार्कमधलं सोबिगार्ड बघा : १९८२ मध्ये बाहेरून येणारं स्फुरद तोडलं, त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ गाळ ते सोडतच राहिला. एक आजोबा मागून म्हणाले, "म्हंजे आमच्या हयातीत काय न्हाई." तेव्हा हशा झाला आणि ठराव झाला.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ पासून आहेच. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरने न्यायचा. चार हेक्टर, पाव मीटर, म्हणजे १०,००० घनमीटर, ब्रासमध्ये साडेतीन हजारांच्या वर. एका ट्रॉलीत एक ब्रास धरा. पावसाआधी एवढं होणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, बोललं कोणी नाही.

१४ मे

तळं निम्म्यावर आलंय. पूर्वेकडून सुरुवात केली, कारण नाल्याचं जुनं तोंड तिकडे. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर रुतला, तो काढायला दुसरा आणला, तोही रुतला. आता दोन दिवस चर मारून पाणी निथळू देतात, मग भरतात.

माझं काम : पोकळ पाइप घेऊन दर दहा मीटरवर काळा थर कुठे संपतो ते बघायचं आणि काठी रोवायची. काठीवर लाल फडकं म्हणजे अजून खाली जा, पांढरं म्हणजे बस. दोन ठिकाणी काळा थर ४० सेंटिमीटर निघाला. जेसीबीवाला पांढऱ्या फडक्याखालीही घुसला आणि करड्या मातीला भगदाड पाडलं. ती माती पाणी धरून ठेवते. तिथे परत चिकणमाती दाबून घेतली. हे आधी सांगायला हवं होतं, माझी चूक.

निथळून येणारं काळं पाणी परत तळ्यात सोडू नका. आमचं दोन दिवस सोडलं गेलं, नंतर लक्षात आलं. ते स्फुरदाने भरलेलं असतं. आता चर शेताकडे वळवलाय.

११ जून

परवा रात्री वळवाचा मोठा पाऊस झाला, काम बंद. एकूण ट्रॉल्या १,१४०. पूर्वेचा साधारण तिसरा हिस्सा झाला, बाकी दोन तृतीयांश तसाच. गाळ उसाच्या आणि भाताच्या रानात गेलाय. दोघांनी तो ओलाच पसरला, त्याचे ढेकळं झाले, फोडायला त्यांना रोटर दोनदा मारावा लागला. सुकवून, फोडून मगच पसरा.

माझा खर्च ९,८६० रुपये : नळ्या आणि बुचं ४,२००, वाया गेलेला पाइप ६००, फिल्टर २,४००, रसायनं १,७५०, बाकी सलाइन नळी, पंप, टेप. वेळ चार महिने, त्यातले जवळपास पाच आठवडे चुकांत.

पूर्वेच्या बाजूला करड्या मातीवर तीन नळ्या काल घेतल्या, पश्चिमेला जुन्या गाळावर तीन. स्टोअररूममध्ये बादल्या लावल्यात. मामांनी बाटल्यांचे लाल ठिपके पुन्हा रंगवले. एक नळी तडकली आहे, तिला एम-सील लावलंय, टिकली तर ठीक.